नानांच्या पडवीतलं वरिष्ठ सभागृह

गप्पा मारता मारता नाना बरोबर दहाव्या मिनिटाला उठतात आणि आत निघून जातात. विषय कितीही रंगात आलेला असो. परवा मी माझ्या दाढदुखीचं सांगत होतो. डॉक्टरांनी पक्कड हातात घेतली, तिथेच नाना उठले. पुढे काय झालं, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

दिवेआगरात आमची वाडी त्यांच्या वाडीला लागून. नाना विधान परिषदेत प्रतिवेदक होते. म्हणजे सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन् शब्द टिपायचं. दहा मिनिटं लिहायचं, बदली माणूस आला की बाहेर जाऊन ते उतरवून काढायचं. अशी एकतीस वर्षं गेली. एकही चर्चा शेवटपर्यंत ऐकली नाही, हे ते अभिमानाने सांगतात.

निवृत्तीनंतर ते सभागृह घेऊनच गावी आले. शिडी मागितली की पूर्वसूचना कुठाय म्हणतात. वाडीतल्या गोपाळने सुपारी कधी उतरवू विचारलं, तर विषय उद्याच्या कामकाजात जातो. त्यांच्यासमोर कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

काकू जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात नाना विहिरीपाशी घसरून पडले, तेव्हा मुलगी माधवी पुण्याहून आली ती त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरवूनच. नानांनी तिला रीतसर प्रस्ताव मांडायला लावला. सभापती स्वतः. सदस्य माधवी, मी, माझी बायको आणि गोपाळ. माधवी पोटतिडकीने बोलत होती आणि दहा मिनिटांनी सभापतीच उठून आत गेले. आता थांबायचं की चालू ठेवायचं, कुणालाच कळेना. ती बिचारी रिकाम्या खुर्चीला सांगत राहिली.

परत येऊन त्यांनी मतदान घेतलं. गोपाळने बाजूने आणि विरोधात, दोन्ही वेळा हात वर केला. त्याचं म्हणणं, दोन्हीकडचं बी खरंच, मंग? पुन्हा हात मोजले. गोपाळ आणि मी विरोधात, माधवी आणि माझी बायको बाजूने. बायकोचा मला रागच आला.

मतं समसमान पडली की सभापतींनी आपलं मत द्यायचं, हे नानांनीच आम्हाला समजावलं. मग स्वतःचा हात मांडीवरून जरासा उचलला, परत ठेवला.

"नाना, तुमचं मत सांगा ना," मी म्हणालो.

"माझं?" ते गोंधळून म्हणाले. "मी दुसऱ्यांचंच लिहीत आलो रे. त्या सभागृहात मी एक शब्द बोललेलो नाही."

माधवी उठून त्यांच्या पायाशी बसली.

"मला यायचं नाही गं," ते इतकं हळू म्हणाले की तिला पुढे वाकावं लागलं. "पण तू अजून दोन दिवस राहा."