सर्वानंद

जगभर उगवणाऱ्या नव्या कृत्रिम नशांवर सोलापुरातून नजर ठेवण्यासाठी एक कक्ष स्थापन झाला आणि मेंढीविकासातले पंचाक्षरीसाहेब त्याचे प्रमुख झाले. कळपावर नजर ठेवण्याचा अनुभव वरच्यांना पुरेसा वाटला. मदतीला रसायनशास्त्र शिकलेली वैजयंती कंत्राटावर आली.

लवकरच नातेपुत्याजवळच्या एका ढाब्यावर निळी पावडर चाखून तीन कॉलेजकुमार दवाखान्यात पडले. वैजयंतीनं तहानभूक विसरून पदार्थ ओळखला आणि त्याचं नाव साहेबांपुढं ठेवलं. नाव दीड ओळीचं होतं.

"हे इंग्रजीत हाय की," साहेब म्हणाले. "राजभाषेत ज्याला नाव न्हाय, त्याच्यावर बंदी घालायची कशी?"

"साहेब, पोरं अजून शुद्धीवर नाहीत."

"म्हणूनच घाई नको. चुकीच्या नावानं बंदी घातली, तर बरोबर नावाचा पदार्थ सुटंल."

शब्दसमिती बसली. 'मोहचूर्ण' की 'मोहभुकटी', यावर बैठकांमागून बैठका मोडल्या. 'मोहचूर्ण' मंजूर झालं आणि पावडरवाल्यांनी त्यातला एक अणू बदलला. कायद्याच्या दृष्टीनं जुना पदार्थ संपला, नवा जन्मला. समिती पुन्हा बसली. दवाखान्यात खाटा भरत होत्या. वैजयंतीला राजीनामा द्यावासा वाटला, पण कंत्राटी माणसाला राजीनाम्याची तरतूद नव्हती.

अखेर साहेबांनीच तोड काढली. यापुढं निघणाऱ्या सगळ्या नशांना मिळून एकच नाव: सर्वानंद. सोलापूरच्या भवानी पेठेत मोठाले फलक लागले.

'सावधान. सर्वानंद घेतल्यास चिंता नाहीशी होते, भूक मरते, वजन घटते व सासरची माणसेही प्रेमळ भासू लागतात. कृपया घेऊ नये.'

खाली वैजयंतीचा नंबर होता.

"बाई, ते गुडघ्याला चालतंय का?" सोजरबाई नावाच्या आजींनी फोनवर विचारलं. एका मुख्याध्यापकांना ते परीक्षेआधी द्यायचं की नंतर, एवढंच हवं होतं. मग दवाखान्यातून नुकत्याच घरी गेलेल्या तिघांपैकी एकाचा, शिवराजचा फोन आला.

"ताई, आमाला भेसळीचं दिलं होतं. खरं सर्वानंद कुटं मिळतंय?"

वैजयंती डोकं धरून साहेबांकडं गेली. साहेब हरखून गेले होते.

"लई लोकसहभाग," ते म्हणाले. "वरून आदेश आलाय. आता राज्यभर फलक लागणार."

तेव्हापासून फोन करणारा प्रत्येक जण आधी नशेबाजांना शिव्या घालतो, मग आवाज खाली आणून 'एका मित्रासाठी' पत्ता विचारतो. वैजयंती तो देत नाही. पत्ता या कथेतही दिलेला नाही. तो शोधत तुम्ही इथवर आला असाल, म्हणून सांगून ठेवलं.