कुलूप करीमशेटचं, नाव धाकूशेटचं

"एकाच सर्व्हरवर म्हणाल तितक्या सुरक्षित वेबसाइट चालवून दाखवतो!" असं २००२ साली मी अख्ख्या रत्नागिरीत छाती काढून सांगत होतो. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या गाळ्यात तेव्हा एक मशीन, एक पंखा आणि दोन गिऱ्हाइकं होती. करीमशेट आणि धाकूशेट. दोघंही आंबेवाले! सात वर्षांपूर्वी हातखंब्याला ट्रक भरताना एकाच्या पेट्यांवर दुसऱ्याच्या पेट्या चढल्या, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. म्हणून मी दोघांनाही खाजगीत सांगून ठेवलं होतं, "तुमचं मशीन एकदम स्वतंत्र! त्यांचं काम मी घेतच नाही."

ऑर्डरच्या पानाला दोघांनाही एकेक पिवळं कुलूप दिलं, पान सुरक्षित असल्याची खूण. त्यावर टिचकी मारली की मालकाचं प्रमाणपत्र उघडतं. पेटीवर बागायतदाराचं नाव छापतात ना, तसंच.

एप्रिलात एका सकाळी करीमशेट गाळ्यात घुसले. मागून हमिदाभाभी.

"मेल्या, माझ्या कुलपावर धाकूचं नाव कसं?"

"हमझा, माझा भाऊ, दुबईहून ओरडतोय," भाभी म्हणाल्या. "दोनशे पेट्या घ्यायच्यात त्याला. म्हणतो, दुकान भावजींचं आणि सही भलत्याची! दुपारपर्यंत निस्तरा, नाहीतर ऑर्डर देवगडला देतो."

देवगडचं नाव ऐकताच करीमशेट मटकन खाली बसले.

"एवढंच ना?" म्हणत मी मशीनमधल्या प्रमाणपत्रांच्या यादीत धाकूशेट खाली केले, करीमशेट वर केले. कुलपावर करीमशेट झळकले! मी चहा मागवला.

चहाआधी धाकूशेट आले.

"माझ्या कुलपावर ह्यांचं नाव!" आणि समोरच 'हे' बसलेले!

मग धाकूशेट माझ्याकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, माझ्या कुलपाची किल्ली परत द्या."

"त्यांना सांग," करीमशेट हातभर अंतरावरून मलाच म्हणाले, "आधी सकाळभर माझं दार बळकावलं होतं ते कोणी?"

मी डावीकडे सांगतोय, उजवीकडे सांगतोय, मधूनच नावं खालीवर करतोय. एकाचं बरोबर झालं की दुसऱ्याचं चुकतंय! का, ते माझं मलाच कळेना. शेवटी मुंबईच्या एका जाणत्याला फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "अहो, तुमच्या मशीनला इंटरनेटवर पत्ता एकच. दार वाजलं की ते आधी प्रमाणपत्र दाखवतं. पाहुणा कोणाकडे आलाय, हे त्याला नंतर कळतं! दोन कुलपांना दोन पत्ते लागतात."

फोनचा स्पीकर चालू होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

करीमशेट सावकाश वळले. "धाकू, ह्याने तुला काय सांगितलेलं?"

"स्वतंत्र मशीन."

"मलापण!"

सात वर्षांतलं पहिलं बोलणं, आणि तेही माझ्याविरुद्ध!

भाभींनी घड्याळ दाखवलं आणि हमझाला फोन लावला. मी घाईघाईने करीमशेटना वर केलं, तर फोनवर हमझा म्हणतो, "सकाळी धाकू, आता करीम, दुपारी कोण? माझा नाही विश्वास!"

धाकूशेटनी फोन ओढून घेतला. "हमझामियाँ, मी धाकू. नाव चुकून माझं पडलं. आंबे करीमचेच हो! एक फळ हलकं निघालं तर माझ्याकडून भरून घ्या."

भांडलेला माणूस शब्द देतोय म्हटल्यावर हमझा जागच्या जागी विरघळला. दोनशे पेट्या पक्क्या!

जाताना करीमशेट म्हणाले, "दोघांत एकच साइट कर आता. एक कुलूप पुरे."

"आणि ट्रकपण एकच," धाकूशेट म्हणाले.

मी मात्र कानाला खडा लावून दुसऱ्या पत्त्यासाठी अर्ज केला. तो जूनमध्ये मिळाला. आंबा संपलेला, गिऱ्हाईक उरलेलं एक! नव्या पत्त्यावर ठेवायला कोणीच नव्हतं, म्हणून तिथे माझीच जाहिरात टाकली: 'एकाच सर्व्हरवर म्हणाल तितक्या सुरक्षित वेबसाइट.'

कुलूप लावायचं तेवढं राहून गेलं.