जुनी लाल, नवी लाल

मधुकरनं दिवाणावर ठेवलेल्या लांबट पेटीच्या कड्या उघडल्या, झाकण वर केलं, आणि वामनरावांच्या हातातला पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला. पेटीत त्यांची गिटार होती. तोच टमाट्यासारखा लाल रंग, तीच दोन शिंगं, एका ओळीत बसवलेल्या त्याच सहा खुंट्या. अडचण एवढीच होती, की वामनरावांची गिटार त्या वेळी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती.

"काय गा मधुकर, कोनाची उचलून आणली?" त्यांनी विचारलं.

"उचलून नाही भाऊजी, दुकानातून घेतली. तुमचीच आहे, बासष्ट सालची. कंपनीनं आता तेच मॉडेल पुन्हा काढलं. जुने नकाशे काढले, जुनी मापं घेतली. स्क्रूसुद्धा तेव्हासारखाच."

"म्हंजे बासष्ट सालची, पन बनवली त्र्याऐंशी साली."

"हो."

"मंग मलेही एकदा पुन्हा काढाले सांग तुह्या कंपनीले. बासष्टच्या मापाचा."

"केस तेवढे पहिले बसवा म्हना," आतून चहा घेऊन येताना प्रेमिला म्हणाली.

मधुकर हा प्रेमिलाचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी अमेरिकेत गेला, तो त्या वर्षी नवरात्रात पहिल्यांदा परत आला होता आणि बहिणीकडे कोराडीला उतरला होता. वामनराव तिथल्या वीज केंद्रात स्टोअरला होते. दिवसभर ते नट, बोल्ट आणि बेअरिंगांचे नंबर तपासत आणि संध्याकाळी कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत. गणपती असो, हळदीकुंकू असो, साहेबाचा निरोप समारंभ असो, वामनरावांच्या लाल गिटारीशिवाय कॉलनीत पडदा वर जात नसे.

ही गिटार त्यांनी सहासष्ट साली अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांकडून घेतली होती. गार्डसाहेब सहकुटुंब ऑस्ट्रेलियाला चालले होते. त्यांनी गिटार दिली, टेलिफोनला असते तशी गुंडाळीची काळी वायर दिली, आणि जाताना गिटारीच्या डोक्यावरून हात फिरवून ते रडले. तेव्हापासून वामनरावांनी ती कोणाला हात लावू दिली नव्हती. सतरा वर्षांत तिचा रंग कोपराखाली घासून लाकूड दिसायला लागलं होतं. शिवाय तिला एक खोड होती. सुरू केली की गाण्याच्या आधी आणि गाण्याच्या नंतर ती घूं असा आवाज करी. प्रेमिला म्हणे, पिठाची गिरणी लागली. वामनराव म्हणत, तो गिटारीचा श्वास आहे.

आणि तिचा सूर मात्र खरोखर गोल होता. हे प्रेमिलाही नाकारत नसे.

चहा होईपर्यंत दोन्ही गिटारी दिवाणावर शेजारी शेजारी आल्या. मधुकर एकेक गोष्ट दाखवत होता. "ही पट्टी पहा, तीच. ही बटणं, तीच. वायरसुद्धा डब्यात तशीच गुंडाळीची दिली त्यांनी."

"सगळं तेच हाये," वामनराव शांतपणे म्हणाले. स्टोअरमध्ये नकली बेअरिंग परत पाठवताना ते असंच बोलत. "फक्त ते नाही हाये."

"ते म्हणजे काय?"

"आवाज. हे कार्बन कॉपी हाये, मधुकर. वरच्या कागदावरची सही खालच्या कागदावर उठते, पन बँक ते चालवून नाही घेत."

मधुकरनं कप खाली ठेवला. "भाऊजी, खरं सांगू का? मी तुमच्याशी बदली करायला आलो. ही नवी तुम्ही ठेवा, जुनी मला द्या. तिथे जुन्या गिटारीला फार मान आहे."

"अरे," प्रेमिला म्हणाली, "आत्ता तं तू म्हनत होता का दोन्ही एकच हाये. एकच हाये तं जुनीच काहून पायजे तुले?"

मधुकरनं पुन्हा कप उचलला. पण प्रेमिलानं लगेच नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "आन तुमी हो. चांगली नवीकोरी घरबसल्या भेटून राहिली, तं घ्या ना. हे घूं घूं तरी बंद होईन."

"मी डोळे बांधून वळखतो माह्या गिटारले," वामनराव उठून उभे राहिले. "दोन्ही वाजव. नाही वळखली, तं घेऊन जाय जुनी. एका शब्दानं अडवनार नाही."

"भाऊजी, विचार करून बोला."

"बोललो."

दसऱ्याला दुपारी परीक्षा घ्यायची ठरली. पंच म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या बापूजींना बोलवायचं ठरलं. बापूजी पेट्या दुरुस्त करत. हार्मोनियमचा एक सूर केसभर उतरला असला तरी गल्लीच्या टोकावरून त्यांना कळे, अशी ख्याती होती. दसऱ्याला चार दिवस होते. वामनराव रोज ऑफिसातून आले की जुनी गिटार मांडीवर घेऊन बसत, डोळे मिटत आणि वाजवत. मग डोळे उघडून प्रेमिलाकडे पाहत. गिटार गेली तर काय, हा प्रश्न प्रेमिलाला त्या नजरेत दिसे. तिला आता आपल्या बोलण्याचा जरा पस्तावा व्हायला लागला होता.

मधे खंडेनवमी आली, आणि खंडेनवमी ही वामनरावांच्या आईची, प्रयागबाईंची होती. त्या नवरात्रासाठी कळमेश्वरहून आल्या होत्या. कोराडीत त्या काळी दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी वीज केंद्राच्या राखेनं करडं होऊन यायचं, आणि प्रयागबाईंना राख खपत नसे. त्यांनी पहाटेच अंगणात पाट मांडले. विळी, खलबत्ता, शिवणयंत्र, वामनरावांची स्कूटर, पान्ह्यांचा डबा, सगळं घासून पुसून ओळीत लावलं. ज्याच्यावर घर चालतं ते हत्यार, अशी त्यांची सरळ व्याख्या होती. त्या हिशेबात गिटारीही आल्या.

वामनराव सकाळच्या पाळीला गेले होते. मधुकर झोपला होता. प्रयागबाईंनी दोन्ही गिटारी उतरवल्या, त्यांच्या वायरी उपटून काढल्या, खोबरेल तेलाच्या फडक्यानं अंग पुसलं, चिंचेनं खुंट्या लख्ख केल्या. वायरीही तेलानं पुसल्या. सतरा वर्षांची राख आणि घाम निघाला, तशा दोन्ही वायरी एकसारख्या काळ्याभोर दिसायला लागल्या. मग वायरी पुन्हा जोडून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून गिटारी बैठकीत पाटावर टेकवून ठेवल्या.

वामनराव दुपारी आले आणि दारातच थबकले. "माय! हे काय केलं वं?"

"पूजा केली. दुसरं काय करतात खंडेनवमीले?"

"बरं केलं. आता दे इकडं, जरा वाजवून पाह्यतो. उद्या परीक्षा हाये."

"हात नको लावू," प्रयागबाई आडव्या झाल्या. "पूजेतलं हत्यार उचलत नाही. उद्या दसऱ्याची पूजा झाली का घे."

"आगं, पन..."

"तुह्या बापानं कधी पूजेतला नांगर उचलला नाही. तू कोन लागून गेला?"

वामनरावांनी हात मागे घेतला. स्कूटरही पूजेत असल्यामुळे त्या दिवशी ते दळण आणायला पायी गेले.

दसऱ्याची पूजा लांबली आणि जेवणंही उशिरा झाली. बापूजी महालातून बसनं आले, सगळ्यांना सोनं दिलं, पाणी प्यायले आणि कामाला लागले. वामनरावांना खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसवलं. डोळ्यांवर टॉवेल बांधला. मधुकरनं माळा बाजूला करून दोन्ही गिटारी घेतल्या आणि वायरीचं मोकळं टोक आळीपाळीनं पेटीत, म्हणजे त्या आवाज मोठा करणाऱ्या पेटीत, खुपसायचं ठरलं. बापूजी नाणं उडवणार, त्याप्रमाणे मधुकर जुनी नाही तर नवी वाजवणार, आणि निकाल पाटीवर खडूनं लिहायचा. असं पाच वेळा.

"बोलायचं नाही कोणी," बापूजी म्हणाले. "खोकायचं असलं तर आत्ता खोका."

पहिल्यांदा गिटार स्वच्छ वाजली. काचेच्या ग्लासावर चमचा मारावा तशी.

"नवी," वामनराव लगेच म्हणाले.

दुसऱ्यांदा आधी घूं झालं आणि मागून तो गोल सूर आला. वामनरावांच्या चेहऱ्यावर टॉवेलाखालूनही हसू दिसलं. "हे माही. सोड, ऐकाचीही गरज नाही."

बापूजींनी खडूनं काहीतरी लिहिलं. मधुकर काही बोलणार होता, त्याला त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा वामनरावांनी पहिला सूर पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं. मग स्वतःच टॉवेल सोडला आणि वळून म्हणाले, "किती? पाच ना?"

"पाच," बापूजी म्हणाले. "पाचही चूक."

मधुकरनं गिटार खाली ठेवली. वामनरावांनी पाटी हातात घेऊन पाहिली, उलटी करून मागची बाजूही पाहिली.

"हे कसं झालं मला समजत नाही," बापूजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "नुसता अंदाज मारणाऱ्याचेही पाचातले दोन बरोबर येतात. पाचही चुकायला चांगला कान लागतो." पण शर्त ती शर्त. त्यांनी पाटी पुसली, प्रेमिलानं दिलेला चहा घेतला आणि साडेपाचची बस पकडली.

त्यानंतर दोन दिवस वामनरावांचं कशातच लक्ष नव्हतं. भाजीत मीठ नाही हेही त्यांनी सांगितलं नाही. रेडिओवर गाणं लागलं की उठून बंद करत. आपल्याला कान आहे, या एका समजुतीवर या माणसानं चाळीस ओलांडली होती. रात्रीच्या भाकरी करताना प्रेमिला हळूच सासूला म्हणाली, "आत्याबाई, मले नाही पायजे ते नवी. पन आता कसं सांगू?"

मधुकरची गाडी तिसऱ्या दिवशी दुपारची होती. ऑटो दारात येऊन उभा राहिला. मधुकर जुनी गिटार पेटीत ठेवत होता आणि वामनराव तिच्याकडे पाहायला नको म्हणून कॅलेंडर वाचत होते. तेवढ्यात प्रयागबाई वायर गुंडाळत आल्या.

"हे कोनत्या पेटीत ठेवू? जुनीच्या का नवीच्या?"

"जुनीला जी लावली आहे ती जुनीची, मावशी," मधुकर म्हणाला.

"नाही ना बापा. जुनीले मी नवी लावली होती. पूजेच्या दिवशी."

कॅलेंडर वाचणं थांबलं. "काय केलं?"

"सन होता ना!" प्रयागबाई म्हणाल्या. "नवीच्या अंगावर सगळं नवं, आन जुनी बिचारी तशीच. म्या म्हनलं, सनासुदीले म्हातारीच्याही अंगावर एखादी वस्तू नवी असावं. तं तिची वायर हिले देली, हिची तिले. दिसाले तं सारख्याच हाये. का झालं?"

वामनरावांनी पेटी ओढली, जुनी गिटार काढली आणि तिला नवी वायर लावून वाजवली. ग्लासावर चमचा. मग नवी गिटार घेतली, जुनी वायर लावली. घूं. आणि मागून तो गोल, सतरा वर्षं ओळखीचा सूर. त्यांनी पुन्हा वायरी बदलल्या. सूर वायरीबरोबर गेला. मग पुन्हा. बाहेर ऑटोवाला भोंगा वाजवत होता.

"म्हंजे," प्रेमिला म्हणाली, "तुमी पाचही वेळा बरोबर वळखलं."

"हो," वामनराव म्हणाले. "वायर."

मधुकर खाली मान घालून हसत होता, पण माणूस सरळ होता. "भाऊजी, शर्त रद्द. तुमची गिटार तुमच्याजवळ राहू द्या."

वामनरावांनी एकदा जुन्या गिटारीकडे पाहिलं, एकदा नव्या. दोघी तेलानं सारख्याच चमकत होत्या. कोपराखाली उघडं पडलेलं लाकूड तेवढं वेगळं होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"शब्द देला तं देला," ते म्हणाले. "नाही वळखली म्या. घेऊन जाय जुनी."

"खरंच?"

"खरंच. गिटार ने." त्यांनी काळी वायर नीट गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातली. "वायर भेटनार नाही."

दिवाळीनंतर कॉलनीच्या संमेलनात वामनराव नवी लाल गिटार घेऊन उभे राहिले. गिटार बदलल्याची बातमी सगळीकडे झाली होती आणि पुढच्या रांगेत माणसं शंकित चेहऱ्यानं बसली होती. पडदा वर गेला, भोंग्यातून घूं असा आवाज आला, आणि रांग सैल झाली. "नवी असो का काही असो," मोठे इंजिनिअरसाहेब शेजारच्याला म्हणाले, "हात जुना पाहिजे." प्रेमिला तीन खुर्च्या सोडून बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला.

डिसेंबरात मधुकरचं पत्र आलं. जुनी गिटार त्यानं तिथल्या जाणकारांना दाखवली होती. ते म्हणाले, वाजते फारच स्वच्छ, आणि इतक्या लख्ख खुंट्या जुन्या गिटारीला असूच शकत नाहीत. ही नव्यानं काढलेलीच दिसते, तुला कोणीतरी कोपराखाली घासून फसवलं. खाली लिहिलं होतं: भाऊजी, नवी तुम्हीच ठेवा, पण ती वायर तेवढी टपालानं पाठवा.

वामनरावांनी पत्र दोनदा वाचलं, मग भिंतीकडे पाहिलं. गिटार खिळ्याला टांगलेली होती. वायर देव्हाऱ्याखालच्या पाटावर होती, हळदकुंकू लावून. दसऱ्यानंतर प्रयागबाई कळमेश्वरला परत गेल्या, तेव्हापासून हे काम ते स्वतः करत.

त्यांनी परदेशी टपालाचं निळं पत्र काढलं आणि दोन ओळींत उत्तर लिहिलं: इकडील सर्व क्षेम आहे. वायर पूजेत आहे, आणि पूजेतलं हत्यार उचलत नाहीत.