अर्ध्या तासाचे गांगुर्डे काका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच नाही. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, भर दुपारी, खिडक्यांचे पडदे ओढून, मी शेजाऱ्याच्या फोनवर चोरून गेम खेळत होतो. एक दिवस नाही, पाच महिने. आणि त्यापायी गांगुर्डे काकांना नाशिक रोडचं आपलं घर सोडून मुलीकडे कल्याणला जावं लागलं.

शेजाऱ्याचा फोन माझ्याकडे आला कसा? तो त्यांनीच आणून दिला. रोज आणून द्यायचे. या माणसाचा वैताग इथूनच सुरू होतो.

काका पस्तीस वर्षं नोटांच्या सरकारी छापखान्यात तपासनीस होते. छापलेला कागद डोळ्यांखालून घालायचा आणि चूक पकडायची, एवढंच काम. आत जाताना आपली वस्तू गेटवर जमा करायची, बिल्ला घ्यायचा. सुटताना हात वर करून झडती द्यायची, बिल्ला दाखवून वस्तू परत घ्यायची. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी ते गेट काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. सोसायटीतून भाजीला निघाले तरी फाटकाशी दोन सेकंद थांबून हात वर करायचे. वॉचमन नवा असला की तोही घाबरून हात वर करायचा.

मुलीने, मीनाताईंनी, त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. बोलायला त्यांच्याकडे जुना बटणांचा होताच. मग नव्यावर त्यांनी एक गेम टाकून घेतला. रंगीत फळं, सारखी तीन जुळली की फुटतात. खुर्चीत ताठ बसून, नाकावर चष्मा आणि वर भिंग धरून ते खेळायचे, पाच ते साडेपाच. साडेपाचला एक फळ जुळायचं राहिलं असलं तरी बंद. आणि पाच एकतीसला आमची बेल.

"देवरे, जमा करा."

"काका, अहो तुमचा फोन, तुमचं घर. मी कशाला जमा करू?"

"गेट बाहेरचंच लागतं. स्वतःच्या घरात गेट असतं का?"

मग ते खिशातून पितळी बिल्ला काढायचे. जुन्या बाजारातून हुडकून आणलेला, त्यावर सतरा आकडा. बिल्ला त्यांच्याकडे, फोन माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पाचला बिल्ला दाखवून फोन परत न्यायचा. मी रोज त्यांच्यासमोरच बसलेला, तरी बिल्ला दाखवल्याशिवाय हात पुढे करायचे नाहीत. एकदा बिल्ला घरी विसरले, तर जिना चढून वर आपल्या घरी गेले आणि घेऊन आले. मी दारात फोन धरून उभा! भाजी करपली त्या दिवशी आमची.

सुलभाला गेम या शब्दाचाच तिटकारा. त्याचं कारण मीच. आधी माझ्या फोनवर मी असाच तासन् तास खेळायचो. गॅसवर दूध ठेवून खेळलो, सासऱ्यांना स्टेशनवर आणायला जायचं विसरून खेळलो. शेवटी तिने फोन हातातून घेतला, गेम पुसला आणि मला कबूल करायला लावलं की पुन्हा नाही. मी कबूल केलं. मी एका शाळेत कारकून आहे. पालकांना 'मुलांना मोबाइलपासून दूर ठेवा' असं पत्रक गेलं, ते मीच टाइप केलं आहे.

"काका, ते विष आहे विष," सुलभा म्हणायची. "एकदा लागलं की माणूस कामातून जातो. विचारा यांना."

"विष कसलं सूनबाई? खेळ तो खेळच. ताबा पायजे, ताबा. आतून."

"आतून ताबा आहे ना? मग फोन आमच्या कपाटात कशाला?"

काका जराही चिडायचे नाहीत. "ताबा असलेल्या माणसाचीपण झडती होते. त्यात अपमान नाय. पद्धत हाय ती."

फोनला कुलूपही नव्हतं. प्रामाणिक माणसाला आकडे कशाला पाठ करायला लावता, असं त्यांचं म्हणणं.

शाळा सकाळची. मी दुपारी एकला घरी. सुलभा बँकेत, ती येणार सहाला. कपाटात बिनकुलपाचा फोन. पहिल्या दिवशी नुसता उघडून पाहिला. दुसऱ्या दिवशी एक डाव. तिसऱ्या दिवसापासून दीड ते पाच, एका हाताने पोळी खात. पाचला पाच मिनिटं असताना फोन शर्टाच्या बाहीला पुसायचा, चार्ज करायचा, होता तसा ठेवायचा. ताब्याचं म्हणाल तर पुसण्यापुरता होता.

पण गाठ होती तपासनिसाशी.

"देवरे, काल मी चाळिसाव्या पायरीवर होतो. आज त्रेसष्टवर कसा?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते. कंपनीच पुढे ढकलते."

काकांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सवलतीचं मला नको. पुसा. पहिल्यापासून घ्या."

आणि पुसायचं कुणी? मीच, कारण त्यांना ते जमत नव्हतं. माझी दुपारभराची मेहनत माझ्याच बोटाने पुसली. हे असं महिन्यातून दोनदा व्हायला लागलं. मी वर चढायचो, काका सवलत नाकारायचे. इतका राग यायचा या माणसाचा! घेतली असती सवलत तर काय बिघडलं असतं?

दिवाळीनंतर मीनाताई आल्या. त्यांच्या मनात काका इथे एकटे असल्याची धास्ती आधीपासूनच होती. त्या दिवशी सुलभा रजेवर घरीच होती. पाचला काका बिल्ला घेऊन आमच्याकडे आले, बरोबर मीनाताई. मी फोन पुढे केला, तर त्यांनी तो हातात घेतला, दोन-तीनदा बोट दाबून कुठला गेम किती वेळ चालतो ते पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाबा, रोज चार तास? रोज? हा एकच गेम?"

काकांनी हातातला बिल्ला खिशात टाकला.

"देवरे भाऊ, तुम्ही रोज बघता. खरं सांगा, हे दिवसभर यातच असतात का? जेवतात तरी का वेळेवर?"

बोलायला मला जागा होती. एक वाक्य पुरलं असतं. आतल्या खोलीत सुलभा मीनाताईंसाठी शेवयांची खीर वाटीत काढत होती. तिच्या चमच्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "वय झालं की होतं हो असं थोडं."

काका माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलणार. पस्तीस वर्षं चुका पकडलेला माणूस, सोडतोय कसला! ते मीनाताईंकडे वळले आणि म्हणाले, "ताबा सुटला गं, मीना."

मग काय. एकटा माणूस, दिवस दिवस फोनमध्ये, कुणाचं लक्ष नाही. पंधरा दिवसांत मीनाताईंनी ठरवून टाकलं. घर बंद करायचं, बाबांना कल्याणला न्यायचं. काका कल्याणला दोन दिवसांवर कधी राहिले नव्हते. जेलरोडचा भाजीवाला, विहारातली रविवारची वंदना, पेन्शनर मित्रांचा कट्टा, सगळं त्यांचं इथेच. तरी हूं की चूं केलं नाही. मला त्याचाही राग आला. भांडावं की माणसाने!

निघायच्या दिवशी दुपारी मीनाताई खाली गाडीत सामान लावत होत्या. काका आमच्या दारात आले. सुलभा बँकेत गेली होती.

"देवरे, तुम्ही ते सवलतीचं बोललात ना, तवाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत, काका? शिव्या घालायच्या होत्या."

"बोललो असतो, तर तुम्हाला लाज वाटली असती. उद्यापासून फोन आणू नका म्हणाला असता." ते चपलेकडे बघत बोलत होते. "मंगल, तुमची काकू, गेल्यापासून कुणाची बेल वाजवायला काही काम नव्हतं मला. सहज म्हणून रोज कुणाकडे जाता येतं का? फोन काय, माझ्या कपाटातपण मावत होता."

खालून हॉर्न वाजला. "सूनबाईंना खीर फार छान झाली होती म्हणावं," असं म्हणून ते कठड्याला धरून उतरायला लागले. मी बॅग घ्यायला पुढे झालो, तर बॅग आधीच खाली गेलेली होती.

मला माझ्याबद्दल चांगलं काही सांगायचं नाही. त्याच दुपारी मी माझ्या फोनवर गेम पुन्हा टाकला आणि खेळलो. दोष त्या फळांचा नाही, हे मला आता पक्कं कळलेलं आहे.

मीनाताईंना मी दोनदा फोन केला. काका कसे आहेत विचारलं. "गप्प असतात," म्हणाल्या. मी बरं म्हणून ठेवला. त्यांना मी एक वाक्य देणं लागतो: त्या चार तासांतले साडेतीन तास माझे होते, तुमच्या वडिलांचा ताबा कधीच सुटला नव्हता. ते ऐकलं तर त्या काकांना घरी परत आणतील. मी ते अजून सांगितलेलं नाही.