एकही पोर नसलेली कॉलनी

मी भित्री नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमचे हे (म्हणजे प्रसेनजीत) चारचौघांत उलटंच सांगत फिरतात. आवाज अचानक येतात, त्याला मी काय करणार? कुकरची शिट्टी आधी कळवून वाजत नाही. उचगावात आम्ही राहायचो तिथे तर खिडकीला लागूनच बालवाडी होती. 'एक होती चिऊ' असं पन्नास पोरं एकदम ओरडली की माझ्या हातातला कप आपोआप सुटायचा. लग्नात आलेल्या दोन्ही टी-सेटमधला शेवटचा कप फुटला त्या दिवशी मी निर्णय घेतला : घर बदलायचं.

आणि प्रश्न नुसत्या कपांचा नव्हता. मी एका कॉलेजात तासांवर मानसशास्त्र शिकवत होते. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मेमध्ये सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेची, परीक्षा द्या, निकाल लागेपर्यंत जागा राखून ठेवतो; पास झालात तर तुमची, नाहीतर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. म्हणजे मला शांतता हवी होती. माझा खास विषय बालमानसशास्त्र. मुलांवर माझं फार प्रेम आहे. पुस्तकातली मुलं आवाज करत नाहीत.

कोल्हापुरात भाड्यानं घर शोधणं ही स्वतंत्र परीक्षा आहे. आधी नाव विचारतात. नावावरून भागत नसेल तर आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असते. आमच्यासाठी अशा बऱ्याच खोल्या काल गेल्या होत्या. त्यामुळे पाचगावच्या बाजूच्या त्या रिटायर्ड लोकांच्या कॉलनीत आम्ही पोचलो तेव्हा प्रसेनजीतनं चपला काढण्याआधीच आडनाव सांगून टाकलं.

"बरं," घरमालकीण पारूबाई म्हणाल्या. "मी कवा इचारलं? आत या. पोरं किती?"

"अजून नाहीत," मी म्हणाले.

मग मी माझा मुद्दा काढला. आता नव्या लग्नाच्या बाईनं 'मला पोरांचा त्रास होतो' असं सरळ कसं म्हणायचं? मी चाचरत, जीव मुठीत धरून विचारलं, "मावशी, या कॉलनीत... लहान मुलं... नाहीत का हो?"

"एक बी न्हाय बग बाई," पारूबाईंनी सुस्कारा सोडला. "समदी पुण्या-मुंबैला. म्हातारी खोडं तेवढी उरल्यात."

हे ऐकून माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आनंदानं हो! पारूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडू नगंस. मी हाय न्हवं?"

मला वाटलं, किती समजूतदार बाई! माझी अडचण न सांगता कळली.

पुढचे दोन महिने मी स्वर्गात होते. सकाळी समोरच्या बंगल्यातून एक खोकला यायचा, त्याला पलीकडच्या बंगल्यातून उत्तर यायचं, आणि मग दिवसभर काही नाही. मी वाचत होते, टिपणं काढत होते. नवा टी-सेट घेतला होता, तो अख्खा होता. घरमालक दादासो पोलिसात हवालदार होते, आता रिटायर. ते गेटवर खुर्ची टाकून बसायचे आणि भटक्या कुत्र्यालासुद्धा नजरेनं गप्प करायचे.

मग मे महिना उजाडला. मी मानसशास्त्रात एम. ए. केलंय, पण माणसं रिटायर झाली तरी शाळेला सुट्टी पडते आणि नातवंडं आजोळी येतात, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी दोन रिक्षा आल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीनं आलेली टोळी. आठवड्याभरात कॉलनीत म्हातारी माणसं दिसेनाशी झाली, इतकी पोरं झाली. तरी मी धीर सोडला नाही. दार-खिडक्या लावून घेतल्या, कानात कापूस घातला. तेवढ्यात बेल वाजली. (कप पहिला.)

दारात पारूबाई. त्यांच्या मागं पोरांची रांग.

"घे," पारूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दानधर्म केल्यासारखा उजळला होता. "तुजीच समज. जेवायच्या वक्ताला धाडून दे."

"मावशी, पण मी..."

"आगं, लाजतीस काय? मी सांगितलंय समद्यांस्नी. त्या पोरीचा जीव रमला पायजे. तिकडची धोंडुबाई बी तिची चारी नातवंडं धाडणार हाय."

आणि धाडली की! दुपारी कॉलनीतल्या सगळ्या आज्या एक पुण्याचं काम केल्याच्या समाधानात गाढ झोपायच्या आणि माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत आट्यापाट्या सुरू व्हायच्या. दोन दिवसांत पोरांना माझा शोध लागला. कागदाची पिशवी फुगवून फोडली की ही काकू जागेवरून वीतभर उडते आणि 'आई गं' म्हणते, हा खेळ त्यांना इतका आवडला की शेजारच्या गल्लीतली पोरं बघायला येऊ लागली.

"काकू, परत एकदा दचका की!"

"नाही हं बाळांनो, काकूंना अभ्यास आहे."

फाट्! "आई गं!"

टाळ्या.

संध्याकाळी प्रसेनजीत बँकेतून आले तेव्हा मी स्वयंपाकघरात दाराआड पुस्तक धरून बसले होते. "स्पष्ट सांगून टाक पारूबाईंना," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा."

"तुझी मावशी आहे."

"भाडं तुम्ही देता."

शेवटी मीच गेले. अंगणात पारूबाई आणि धोंडुबाई पापड लाटत होत्या. मी वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. परीक्षा, नोकरी, शांतता, क्षमस्व. पण माझ्या पाठीमागं कुणीतरी पाट आपटला, मी दचकले आणि चारही वाक्यांचं एकच होऊन तोंडातून निघालं :

"मावशी, मला मुलं नकोत!"

लाटणी थांबली.

"काय म्हंतीस?" पारूबाई म्हणाल्या.

"तोंडाला यील ते बोलू नये बाई," धोंडुबाईंनी कानाला हात लावला. "दोन वर्सं म्हंजे काय लई झाली न्हाईत. माज्या जावंला आठ वर्सांनी झालं आन् मग लागोपाठ तीन."

"तसं नाही हो..."

"समजलं मला," पारूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "घरात कोण बोलतंय व्हय तुला? त्यो बोलतोय?" आणि मग एवढ्या मोठ्यांदा की समोरचा खोकला मध्येच थांबला, "आवो ऐकलं का! त्या प्रसेनजीतला बलवा हिकडं!"

प्रसेनजीतना पायजमा-बनियनवर आणण्यात आलं. दादासोंनी त्यांना खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. चौकीतली जुनी पद्धत असावी.

"पावणं, खरं सांगायचं. पोरीला मूल न्हाय म्हणून बोलता काय?"

"मी?" प्रसेनजीत खुर्चीतून अर्धे उठले. "साहेब, मी घरात काहीच बोलत नाही!"

"बोलत बी न्हाय!" धोंडुबाई पारूबाईंना म्हणाल्या. "बग, म्हंजे आबोला हाय."

"अहो, परीक्षा आहे!" प्रसेनजीत ओरडले. (मी दचकले.) "हिची! ती पास झाली नाही तर हिची नोकरी जाते. आवाजानं अभ्यास होत नाही, म्हणून आम्ही पोरं नसलेली कॉलनी शोधत आलो!"

अंगणात शांतता पसरली. मला हवी होती तशी, पण अगदी चुकीच्या वेळी.

"मग त्या दिवशी," पारूबाई सावकाश म्हणाल्या, "मी पोरं न्हाईत म्हटल्यावर तू रडलीस ती..."

"आनंदानं," मी पापडाच्या पिठाकडे बघत म्हणाले.

आता हेही घर जाणार. खोली कालच गेली, असं आता राहत्या घरात ऐकावं लागणार. मी मनातल्या मनात ट्रंका भरू लागले. तेवढ्यात पारूबाईंना हसू फुटलं. आधी पदराआड, मग पदर सोडून. लाटणं जमिनीवर आपटत त्या हसत सुटल्या. "आगं माजे बाई! आन् मी तुला मिळंल तेवढी पोरं धाडतीया!"

दादासो मात्र गंभीर होते. "परीक्षा हाय व्हय? मग आदी सांगायचं की! आमच्या थोरल्याच्या दहावीला मी गल्लीत कोंबडा आरवू दिला न्हवता. उद्यापासनं बघा."

उद्यापासून बघितलं. पोरांना पाळीपाळीनं रंकाळ्यावर न्यायचं ठरलं. उरलेल्यांना कुजबुजतच खेळायची ताकीद होती, त्यामुळे खिडकीखाली वीसेक पोरं एकमेकांना 'श्शऽऽऽ' करायची आणि मला कुकर विसरल्यासारखं वाटायचं. कुणी आवाज चढवला की दादासो गेटवरून हवालदाराची शिट्टी फुंकायचे. दूधवाल्याला बेल वाजवायला बंदी झाली. तो बिचारा खिडकीला तोंड लावून सांगायचा, "वैनीऽऽ, आज बी बेल वाजवली न्हाई बरं का!" धोंडुबाई तर दर तासाला येऊन विचारायच्या, "चाललाय न्हवं अभ्यास? चालू दे, चालू दे. मी काय बोलत न्हाय." आणि मग सुनेबद्दल अर्धा तास बोलत नसत.

तरीही अभ्यास झाला. कसा ते माहीत नाही. एवढी माणसं आपल्यासाठी गप्प बसायची खटपट करतायत म्हटल्यावर पुस्तक मिटायची लाज वाटायची. आणि एक सांगते, रंकाळ्यावरून परतलेली पोरं चवड्यांवर चालत, ओठांवर बोट ठेवून माझ्या दारावरून जायची, तेव्हा माझ्या बालमानसशास्त्रात प्रथमच चेहरे दिसू लागले.

परीक्षेच्या दिवशी दादासो स्कूटर घेऊन हजर. "मी सोडतो. सेंटरला कसला दंगा असतोय, मला म्हाईत हाय." मी नको म्हणाले, पण पारूबाईंनी हातावर दही ठेवलं आणि विषय संपला.

शाहूपुरीतली शाळा, पहिला मजला, खिडकीजवळचा बाक. पहिले दोन पेपर छान गेले. दुपारी तिसरा, लिहायचा पेपर. प्रश्न बघितला तर मुलांच्या खेळाचं महत्त्व! मी अशी सुटले की विचारू नका. उदाहरणंच उदाहरणं. आणि नेमकं तेव्हा खाली रस्त्यावरून आवाज आला.

"ए टेंपोवाल्या! हार्न बंद कर! आत आमची पोरगी पेपर लिवतीया!"

पेन उडालं. उत्तरावर शाईची नागमोडी रेघ.

"आन् तुमी ओ, केळीवाले! वरडू नगा! किती येळा सांगायचं, शांतता पायजेल!"

अख्खा हॉल खिडकीकडे बघू लागला. मी पण बघितलं, कोण असेल बुवा, असा चेहरा करून. सुपरवायझर बाई तरातरा खाली गेल्या. आवाज थांबला. दोन मिनिटांनी त्या परत आल्या, आणि चष्म्यावरून वर्गावर नजर फिरवत म्हणाल्या,

"संघप्रिया कांबळे कोण? बाहेर तुमच्यासाठी जी शांतता चाललीय, ती थांबवायला सांगा. बाकीच्यांना लिहिता येत नाहीये."

निकाल दिवाळीच्या सुट्टीत लागला. पास झाले. प्राचार्यांनी जागा ठेवली होती. प्रसेनजीतनी ही बातमी गेटवर सांगितली आणि पाच मिनिटांत म्हातारी, नातवंडं, दूधवाला, सगळे आमच्या दारात. माझं कौतुक करायचं म्हणून त्यांनी उंबऱ्याला लागूनच हजार फटाक्यांची माळ लावली. धोंडुबाईंच्या जावयानं फोटो काढला. तो आमच्या भिंतीवर आहे. पारूबाई हसतायत, पोरं उड्या मारतायत, दादासोंच्या हातात माझ्यासाठी आणलेला हार आहे आणि तो कुणाच्या गळ्यात घालावा हे न कळून त्यांनी तो शेवटी प्रसेनजीतच्या गळ्यात घातलाय.

मी त्या फोटोत नाही. मी मोरीत होते, आतून कडी लावून.