टाकीला वळसा

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, दादा, पण विमान उडालं!"

दादांची एक चप्पल पायात होती, एक हातात. डोळ्याच्या ऑपरेशननंतरची पट्टी आजच निघाली होती, आणि ती निघाली की सगळ्यात आधी धाकट्या भावाने, तात्यांनी, बनवलेलं विमान बघायचं, हे त्यांनी महिनाभर आधी जाहीर करून ठेवलं होतं. दवाखान्यातून ते घरीसुद्धा न जाता थेट इकडे आले होते.

"उडालं म्हणजे?"

"म्हणजे उडालं. तू बस, सगळं सांगतो."

"मग तूही बस की."

"नको. जन्मभर बसूनच काम केलं." तात्या कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

या विमानामागे आणखी एक विमान होतं. तात्या सहा वर्षांचे असताना दादांनी बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद जुळवून एक लाल दुपंखी विमान केलं होतं. 'उद्या सकाळी हे तुझं' असा शब्दही दिला होता. सकाळी बघतात तर विमान नाही! दादांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की ते पहाटे खिडकीतून उडालं, पाण्याच्या टाकीला डावीकडून वळसा घातला आणि स्टेशनकडे निघून गेलं. पुढे वर्षभर तात्या रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसायचे, येता येता दिसलं तर हाक मारावी म्हणून. मग शाळा आली, घड्याळदुरुस्तीचं दुकान आलं, संसार आला. साऱ्या गावाची वेळ तात्यांनी तपासली. दादाचं बोलणं मात्र कधी तपासलं नाही.

म्हणून ऑपरेशनची तारीख ठरल्यावर दादा सहज म्हणाले, "ते लाल विमान एकदा परत बघायला मिळायला हवं होतं रे," तेव्हा तात्यांनी दुसऱ्याच दिवशी विमानाचा किट आणला. दोनशे चौदा तुकडे, नखाएवढा वैमानिक, दोन मजली पंख, आणि पंखांमधून ताणायच्या केसाएवढ्या बारीक दोऱ्या. दुकान बंद केल्यापासून डब्यात पडलेले चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग बाहेर आलं. जेवणाचं टेबल तीन आठवडे गायब झालं.

"जेवायचं कुठे आता? धावपट्टीवर?" बायकोने विचारलं.

"हळू बोल. तुझ्या श्वासाने वैमानिक उडतोय."

काम खरोखर देखणं झालं. पण हाताची सवय! जे फिरतं त्याला तेल द्यायचं, हे तात्यांच्या बोटांना पाठ. त्यांनी प्रोपेलरच्या खिळीला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला. तेल पाझरत विमानभर पसरलं आणि लाल रंग धरेना. पहिला हात ओघळला, दुसऱ्याला सुरकुत्या पडल्या. ते खरवडून तात्यांनी तिसरा दिला, तो आज सकाळी. झालेलं काम डाव्या हाताच्या स्टुलावर ठेवायचं, टेबल फक्त चालू कामाचं, या चाळीस वर्षांच्या शिस्तीने त्यांनी विमान वाळायला स्टुलावर ठेवलं. घरात बसायचं स्टूलही तेच, एवढाच काय तो फरक.

"तर दादा, मी म्हटलं, जरा वारा लागू दे. छताचा पंखा सुरू केला. तेल दिलेलं प्रोपेलर ते! असं गरगरलं, की टेबलावरची वर्तमानपत्रं भिंतीला चिकटली."

"अरे वा!"

"मी शेपूट धरायला धावलो, तर मलाच दोन पावलं ओढत नेलं. ही साक्षीला आहे."

"मी आत होते," बायको शांतपणे म्हणाली.

"तिला आवाज तरी आला! घूंऽऽ करून खिडकीतून बाहेर. समोरच्या शिंप्याच्या हातातली कात्री खाली पडली. वैमानिकाने, खोटं नाही सांगत, मागे वळून हात केला."

दादा पुढे सरकून ऐकत होते. नव्या डोळ्यात पाणी आलं होतं. "मग? गेलं कुठे?"

"जाणार कुठे? टाकीला डावीकडून वळसा घातला आणि..."

"अहो, कुठली टाकी?" बायको म्हणाली. "ती पाडून बारा वर्षं झाली."

तात्या कपाटाला आणखी चिकटले. दादांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, जिथे टाकी नव्हती तिथे. मग धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि साठ वर्षांपूर्वीचा तोच गंभीर चेहरा केला.

"तात्या, पाठमोरा हो."

"कशाला? तुझ्या डोळ्याला ताण..."

"हो म्हणतो ना!"

तात्या हळूच वळले. त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर, मागे बरोबर मधोमध, लाल रंगात दोन मजली पंख उमटले होते. एक दोरीसुद्धा चुकली नव्हती. कपाटाच्या दारावर पुसटसं आणखी एक विमान निघालं होतं.

बायकोने पदर तोंडाला लावला. दादा बराच वेळ ते विमान डोळे भरून बघत राहिले.

"सुरेख झालंय रे," ते म्हणाले. "म्हणजे तूही त्याच्यावर बसलास तर!"

तात्या गर्रकन वळले.

"तूही म्हणजे?"