नानांचा भुंगेरा

चिंचवडच्या आमच्या चाळीत कुणाचीही शेगडी पेटायच्या आत नाना दारात हजर. "थांबा! आधी कोळसा बघू द्या!" नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ घमेल्यात हात. इकडे कंपनीचा भोंगा व्हायचा आणि मी बिनचहाचा शिफ्टला पळायचो. अस्सा राग यायचा! पण शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याला बोलणार काय, कपाळ?

नाना शोधायचे कोळशाबरोबर येणारे काळे, चपटे दगड. तसल्या एका दगडात भुंगेऱ्याच्या पंखावरचं कडक झाकण उमटलेलं त्यांच्याकडे होतं. नखाएवढं. "फुलं जन्माला यायच्या आधीचा आहे हा, गाढवांनो! किड्यांना पंख झाकायची अक्कल कधी सुचली, ते हा सांगेल. आणि तुम्ही याच्या भावंडांवर पिठलं शिजवता!"

मोशीचा कोळसेवाला बबन तर रडकुंडीला यायचा. "मास्तर, कोळशात दगूड निघाला की बाया माज्या नावानं शिमगा करत्यात. आन् तुमी दगूडच मागताय व्हय!"

"कोळसा घेऊन जा, दगड ठेव!" नाना गरजायचे.

शेवटी पुण्याहून एक प्राध्यापक तो दगड बघायला आले; तेव्हा मीही नानांच्या खोलीत होतो. भिंगातून बघता बघता पाटावरून उठून उभेच राहिले. "असा भुंगेरा मी तरी आपल्याकडे पाहिला नाही. कॉलेजात ठेवू. खाली चिठ्ठीवर शोधणारे म्हणून तुमचं नाव लिहितो."

नाना भडकले. "माझं? मी पेपर वाचत होतो! कोळसा हिनं फोडला. 'अहो, यात किडा दिसतोय,' म्हणून हाक हिनं मारली. हिचं नाव घाला, नाहीतर दगड ठेवा आणि चालू लागा!"

नानी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. प्राध्यापकांनी पेन उघडलं. "बरं. नाव सांगा."

बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची रीतच नव्हती. नानांचा सगळा संसार "अगं" आणि "आमच्या घरात" यावर झालेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? चाळीला ती नुसती नानी. असल्या रीतीभातींचा मला भयंकर संताप आला.

"हसलास तर याद राख," नाना माझ्यावर खेकसले. मग भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?" प्राध्यापकांनी विचारलं.

नाना वळले. डोळे भरून आले होते.

"सुभद्रा!" ते एवढ्यांदा ओरडले, की खाली नळावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले.